वॉर्डाला डॉक्टर कोण?

शौनकची जखम चिघळली, आणि ती का चिघळली हे कोणालाच सांगता येईना.

वेणापूरच्या नव्या रुग्णालयात त्याचं अपेंडिक्स काढलं होतं. ऑपरेशन झकास झालं, पोरगं इडली मागायला लागलं आणि मग एकाएकी ताप चढला, टाक्यांतून पू यायला लागला. एक औषध देऊन झालं, दुसरं सुरू होतं. तेही लागू पडलं नाही तर जखम पुन्हा उघडावी लागणार होती. आई-बाबांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याची मोठी बहीण चैत्राली सातवीत होती. एरवी दिवसभर भांडणारा भाऊ असा मुकाट पडलेला तिला बघवत नव्हता.

बरं, अस्वच्छता म्हणावी तर तीही नव्हती. तिथे किरणराव होता. किरणराव म्हणजे चाकांवरचा यंत्रमानव. त्याच्या छातीवर उंच काचेची नळी होती आणि तिच्यातून अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारा, जंतूंना मारणारा प्रकाश) निघायचे. सगळ्या रुग्णांच्या जखमा जिथे धुतल्या जायच्या, त्या ड्रेसिंगच्या खोलीत तो रोज दार लावून काम करायचा आणि बाहेर येऊन ऐटीत सांगायचा, “खोली जंतुमुक्त झाली आहे.”

गुरुवारी डॉ. निलोफर मुजावर आल्या. त्या संसर्ग नियंत्रणाच्या (जंतूंना एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाऊ न देण्याच्या) डॉक्टर. तीन गावांची तीन रुग्णालयं आणि त्या एकट्या, म्हणून वेणापूरच्या वाट्याला फक्त गुरुवार. त्यांनी शौनकची जखम पाहिली आणि लगेच शेजारच्या आजोबांकडे वळल्या, मग पलीकडच्या काकूंकडे. माझ्या भावाला सोडून या कुठे हिंडतायत, म्हणून चैत्रालीला रागच आला. न राहवून तिने तसं विचारलंसुद्धा.

मॅडम रागावल्या नाहीत. शौनकला पोटाचे डॉक्टर पाहतात, आजोबांना हाडांचे, काकूंना घशाचे, असं त्यांनी समजावलं. प्रत्येक डॉक्टरला आपल्या रुग्णाची एकच चिघळलेली जखम दिसते. एखादी चिघळायचीच, असं म्हणून तो नवं प्रतिजैविक (जंतू मारणारं औषध) लिहून देतो. पण तिघांच्या जखमा शेजारी शेजारी ठेवून पाहणारंही कोणीतरी लागतं.

मग त्यांनी तिघांचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले, आणि निकाल येताच पुढच्या गुरुवारची वाट न पाहता त्या परत आल्या. जनुकवाचनात (जंतूचं घराणं ओळखायच्या तपासणीत) तिन्ही जंतू एकाच घराण्यातले निघाले. कोणतं औषध त्यांना मारील तेही कळलं, आणि शौनकला ते लगेच सुरू झालं.

“जंतू वेगवेगळे असते तर तिघांचं वेगवेगळं दुर्दैव म्हटलं असतं,” मॅडम म्हणाल्या. “एकच आहे, म्हणजे तो एकाच वाटेने आलाय. ड्रेसिंगच्या खोलीत अलीकडे काय बदललं?”

काहीच नाही, असं वॉर्डातल्या वाघमारे सिस्टर म्हणाल्या. चैत्रालीला मात्र एक गोष्ट आठवली. शौनकला दाखल केलं तो दिवस खंडेनवमीचा होता. सगळ्या अवजारांची पूजा झाली, त्यात किरणरावाचीही. वॉर्डात कावरीबावरी बसलेली ही मुलगी पाहून सिस्टरांनी मायेने तिच्या हाती ताट दिलं, आणि तिने त्या काचेवर हळदकुंकू हौसेने चांगलं ठसठशीत लावलं. दुसऱ्या दिवशी ते निघेना, म्हणून आई घरी पुसते तसं तेलाच्या बोळ्याने पुसलं. काच कशी चकाकली होती!

सांगितलं तर सगळे आपल्यावरच येतील, हे तिला कळत होतं. पण शौनकचा तापलेला हात तिच्या हातात होता.

“मॅडम, किरणरावाची काच मी तेलाने पुसलीय.”

मॅडमनी अतिनील किरण पडले की जांभळं होणारं एक कार्ड खोलीतल्या टेबलावर ठेवलं. किरणरावाने काम केलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. कार्ड पांढरंफटक होतं. मग काच स्पिरिटने स्वच्छ पुसली. या वेळी कार्ड जांभळं झालं. हळदीच्या तेलाचा पातळ थर साधा प्रकाश जाऊ देतो, पण अतिनील किरण गिळून टाकतो. दिवा लागलाय एवढंच किरणरावाला कळायचं. किरण टेबलापर्यंत पोचले की नाही, हे बिचाऱ्याला कोणी शिकवलंच नव्हतं.

चैत्राली रडू लागली. मॅडमनी तिला जवळ घेतलं.

“काच पुसलीस हा दोष नाही, बाळ. रोज कार्ड ठेवून बघणारं इथे कोणी नव्हतं, हा दोष आहे.”

तिन्ही रुग्णालयांचे अधीक्षक डॉ. तळवलकर दारातच उभे होते. किरणराव आहे, मग तीन गावांना एक डॉक्टर पुरे, हा हिशोब त्यांचाच. चैत्रालीने डोळे पुसले आणि त्यांना विचारलं, “सर, शौनकला डॉक्टर आहेत. वॉर्डाला कोण आहे?”

दर रुग्णालयाला संसर्ग नियंत्रणाचा स्वतंत्र डॉक्टर हवा, ही मागणी डॉ. तळवलकरांनी त्याच दिवशी वर पाठवली.

शौनकचा ताप उतरला. जखम उघडावी लागली नाही, आणि घरी गेल्या गेल्या भांडणंही सुरू झाली.

पुढच्या खंडेनवमीला दोघं रुग्णालयात गेली. आता तिन्ही गावांना तीन डॉक्टर होते, आणि मुजावर मॅडम रोज वेणापूरलाच असायच्या. किरणरावाच्या गळ्यात झेंडूचा हार होता, कुंकू फक्त पाठीमागच्या दांड्यावर. तो ड्रेसिंगच्या खोलीतून बाहेर आला, कार्ड पुढे धरलं आणि गप्प उभा राहिला. मॅडमनी ते जांभळं कार्ड पाहून मान हलवली, तेव्हा कुठे तो म्हणाला, “खोली जंतुमुक्त झाली आहे.”