लायनेलचा उघडा खड्डा

व्हर्ना ट्रेव्हास्किसच्या पत्र्याच्या शेडमध्ये दुरुस्तीला येणाऱ्या, जमिनीतलं सोनं शोधायच्या डिटेक्टरांपैकी निम्म्यांना काही झालेलंच नसे. दुरुस्ती करावी लागे ती मालकांची. कुणी पोलादी टोकाचे बूट घालून दांड्याच्या टोकाची तबकडी स्वतःच्याच पायांवरून फिरवायचा आणि यंत्र उगाच कोकलतंय म्हणून तक्रार घेऊन यायचा. कुणाच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा असायचा. एकाने तर कमरेला कुदळ लटकवून तीन दिवस स्वतःचाच पाठलाग केला होता. असल्यांना व्हर्ना चहा पाजायची, चार शब्द सुनावायची आणि वाटेला लावायची. उरलेल्या यंत्रांत मात्र खरंच बिघाड असे: घामाने सडलेली वायर, आत घुसलेल्या मुंग्या, तांबड्या धुळीने गच्च झालेलं बटण. वीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडल्यावर तिने हे काम धरलं होतं, आणि यंत्र खोटं बोलत नाही यावर तिचा ठाम विश्वास होता.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी लायनेल बस्क आला. सत्तरीचा, काटक माणूस, एका खुब्यात धातूचा सांधा बसवलेला, त्यामुळे चालताना जरासा झुलणारा. वारिंगाच्या रानात त्याने चाळीस वर्षं सोनं शोधलं होतं. खणलेला खड्डा बुजवल्याशिवाय तिथून हलायचं नाही, हा त्या मुलखाचा अलिखित कायदा, आणि लायनेल त्या कायद्याचा हवालदार. कुणी उघडा खड्डा टाकून गेल्याचं कळलं, की तो पबमध्ये चारचौघांत त्याची चामडी लोळवायचा.

"परत तेच," यंत्र टेबलावर ठेवत तो म्हणाला.

"तेच म्हणजे काय?"

"तोच आवाज. मार्चमध्ये तू घालवलास ना, तो. काल बॅटरी पार बसली. नवी घातली तर तू केलेली जुळणी पुसली गेली. पहिल्याच पावलाला आवाज. आणि आता जवळून येतोय."

मार्चमधलं व्हर्नाला आठवत होतं. जमिनीखालून खोल, रुंद, सावकाश आवाज येतो, कुठेही गेलं तरी येतो, अशी त्याची कुरकुर होती. त्या मातीत लोखंड आणि मीठ इतकं, की असं व्हायचंच. तिने जुळणी बदलून तेवढाच आवाज गाळून टाकला होता. पाच मिनिटांचं काम.

"बूट?" तिने विचारलं.

"रबरी. एक खिळा नाही. पट्टा कापडी. दात माझे स्वतःचे, हवं तर मोज."

"आणि खुबा?"

"खुबा सहा वर्षांचा आहे, बाई. आवाज सहा आठवड्यांचा."

तिने यंत्र उघडलं, तपासलं, बंद केलं. टेबलावर तिचा नमुन्याचा सोन्याचा खडा होता, गव्हाच्या दाण्याएवढा. त्यावर यंत्र गोड बोललं. शिशाच्या गोळीवर बोललं. मोकळ्या हवेत गप्प राहिलं. यंत्र ठणठणीत होतं.

मग ती त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली. दुपारचे बारा वाजले होते, माश्यांनी जीव नकोसा केला होता. तिने हेडफोन चढवले आणि अंगणभर तबकडी फिरवली. काही नाही. लायनेलच्या खुब्याजवळ नेली तेव्हा पातळ, चिरका आवाज आला, उंदराचं पिल्लू चिरडावं तसा. सांध्याचा आवाज असाच असायला हवा होता. तिला हसू आलं.

"हा घे तुझा राक्षस," ती म्हणाली.

"पायाखाली बघ," लायनेल म्हणाला. तो हसला नाही.

तिने तबकडी त्याच्या बुटांपुढे टेकवली. हेडफोनमध्ये एक खोल, लांबरुंद आवाज उठला आणि हळूच मावळला. नुकतीच तिने ती जागा तपासली होती आणि तिथे काहीच नव्हतं.

"चार पावलं सरक," ती म्हणाली.

तो सरकला. जुनी जागा मुकी झाली. त्याच्या नव्या जागेखाली तोच आवाज होता. तिने त्याला कुंपणापर्यंत नेलं, पाण्याच्या टाकीपाशी नेलं, परत आणलं. सगळीकडे तेच. शेवटी तिने हेडफोन काढले.

"कुठून सुरू झालं हे?" तिने विचारलं.

लायनेल उलट्या बादलीवर बसला आणि पाय वर घेतले. तिने ते पाहिलं.

"जुन्या धूळचाळणीच्या रानात, जिथे पूर्वी कोरडी माती चाळून सोनं काढायचे," तो म्हणाला. "मोठा आवाज लागला. कमरेएवढं खणलं. खाली बुटाचा तळ निघाला, शंभर वर्षांपूर्वी घालायचे तसला, खिळे ठोकलेला."

"असले बूट ढिगाने सापडतात."

"सापडतात, आडवेतिडवे पडलेले. हा तळ वर करून होता. अगदी सपाट. उचलायला गेलो तर वजन लागलं, व्हर्ना. आत पाय असल्यासारखं."

"आणि मग?"

"मग पळालो."

"आणि खड्डा?"

लायनेलने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तसाच टाकला," तो म्हणाला.

त्या बुटापेक्षा या दोन शब्दांनी व्हर्ना जास्त हादरली. लायनेल बस्कने खड्डा उघडा टाकला होता. म्हणजे त्याने खरंच काहीतरी पाहिलं होतं.

"आधी का नाही सांगितलंस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? आणि मार्चमध्ये आवाज गेला, तर मला वाटलं सुटलो." त्याने टोपीवरची धूळ झटकली. "तुझ्यावर राग नाही गं. पण तू आवाज घालवला नव्हतास. मला बहिरं केलं होतंस. तेव्हा तो हातभर खोल होता. एवढे आठवडे तो वर येत राहिला आणि मी शीळ घालत फिरत होतो."

तिला मनापासून लाज वाटली. मग ती तिच्या परीने शहाण्यासारखं बोलली, की उद्या जाऊ, तो खड्डा बुजवू, म्हणजे तुझ्या मनातलं खूळ जाईल. लायनेल लगेच हो म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ते पोचले. आभाळ निरभ्र, वारा पडलेला. मल्गाच्या खुरट्या झाडांमध्ये लायनेलने लांबूनच बोट दाखवलं. मातीचा ढीग दिसत होता, वर पांढरट चिकणमाती, खाली तांबडी, जशी खणताना निघते तशी. ढिगावर त्याच्या फावड्याच्या खुणा अजून होत्या आणि मुंग्यांनी वाट पाडली होती. ढिगाला सहा आठवड्यांत कुणी हात लावला नव्हता.

ढिगाशेजारी खड्डा नव्हता.

जमीन सपाट होती. खड्ड्याची कड तेवढी गोल उमटलेली दिसत होती, आतली माती काठोकाठ, घट्ट. व्हर्नाने टाच आपटून पाहिली. जी माती बाहेर काढली ती बाहेरच पडली होती, मग आत भरलं होतं काय? तिने तबकडी फिरवली. खाली काही नव्हतं. जुनी, मुकी जमीन.

"कुणीतरी दुसरीकडची माती आणून भरला असेल," ती म्हणाली. स्वतःच्याच कानांना ते पटलं नाही. जवळपास चाकाची खूण नव्हती, पावलाची नव्हती.

लायनेल अजून पिकअपच्या फाळक्यावर पाय वर घेऊन बसला होता.

"उतर जरा," व्हर्ना म्हणाली. "एकदा बघू दे. खोली मोजते."

या एका वाक्यासाठी तिने पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही.

तो उतरला. तिने तबकडी त्याच्या पायाशी आणली आणि दचकून मागे घेतली. आवाज आता खोल नव्हता. रुंदही नव्हता. तीक्ष्ण होता, बारीक बारीक तडतडणारा, आणि एक नव्हता, दोन होते.

गोंधळ असला की ती नेहमी करते तेच तिने केलं. काडी घेतली आणि आवाज जिथे सुरू होतो, जिथे संपतो, तिथे धुळीत रेघ ओढत गेली. एक लांबट आकार पुरा झाला. दुसरा पुरा झाला. लायनेलने खाली पाहिलं.

दोन्ही रेघा त्याच्या दोन बुटांभोवती होत्या. नेमक्या, टाचेला टाच, टोकाला टोक. बोटभर मातीच्या पलीकडे कुणीतरी डोकं खाली करून उभं होतं, तळव्याला तळवा लावून.

"उजवा पाय उचल," ती कुजबुजली.

त्याने उचलला. उजवा आवाज गेला.

त्याने टेकवला. आवाज आला.

"गाडीत चढ," ती म्हणाली. "लायनेल, चढ म्हणते ना!"

ते परत फिरले. वारिंगाच्या वेशीवर व्हर्ना म्हणाली, "माझ्याकडे राहा."

"तुझी फरशी जमिनीला टेकलेली आहे," लायनेल म्हणाला. "माझं घर चाकांवर आहे."

तिने पिकअप त्याच्या कॅराव्हॅनच्या दाराला अगदी चिकटवून उभी केली आणि तो फाळक्यावरून थेट आत गेला. तिने त्याला पाव, डबाबंद मांस, चहा, पाण्याचे दोन कॅन दिले. यंत्रही ठेवलं, आवाज पूर्ण मोठा करून, काही न गाळता. रोज सकाळी सातला फोन करायचा असं ठरलं.

"पोरी, उगाच तोंड पाडू नकोस," तो म्हणाला. "याआधी बायकोपासून असाच लपलोय."

गुरुवारी फोन आला. शुक्रवारी आला, तेव्हा तो बराच खुशीत होता. दाराच्या पायरीवरून यंत्र खाली सोडून बघतो म्हणाला, दोन दिवस काहीच नाही, बहुतेक कंटाळून गेला. शनिवारी म्हणाला, पाणी संपत आलंय. व्हर्ना म्हणाली, उद्या आणते, उतरू नकोस. तो हो म्हणाला.

रविवारी फोन आला नाही. सव्वासातला ती निघाली.

कॅराव्हॅनचं दार सताड उघडं होतं. आत चहाचा कप धुऊन पालथा घातलेला. पाण्याचं पिंप दारापासून दहा पावलांवर होतं आणि त्याचा नळ बारीक ठिबकत होता. तिने हाका मारल्या. गळा दुखेपर्यंत मारल्या.

पायरीपाशी लायनेलचे रबरी बूट होते, शेजारीशेजारी, तळवे वर करून. कोळी शिरू नये म्हणून तिथे सगळेच बूट पालथे ठेवतात. तिने स्वतःला तसं बजावलं.

पिंपाजवळ मातीचा ढीग होता. ताजा, अजून ओलसर, वर पांढरट चिकणमाती, खाली तांबडी. एक माणूस मावेल एवढी माती. तिने सगळीकडे शोधलं. खड्डा कुठेच नव्हता.

यंत्र पायरीवर चालू होतं. तिने हेडफोन चढवले. खोल आवाज नव्हता. खिळ्यांची तडतड नव्हती. ढिगाखाली काही नाही, पिंपाखाली काही नाही. क्षणभर तिला सुटल्यासारखं वाटलं.

मग तिच्या स्वतःच्या पायाखाली, हातभर खोल, एक आवाज आला.

पातळ. चिरका.

तो तिने याआधी एकदाच ऐकला होता, मंगळवारी, तिच्या अंगणात, आणि ती हसली होती.

जुळणीचं बटण तिच्या अंगठ्याखाली होतं. गाळून टाकायला पाच मिनिटं पुरली असती. तिने अंगठा उचलला आणि तबकडी पुढे धरून गाडीकडे चालायला लागली, सावकाश, मोजत.

आठ पावलं. आठही पावलांना तो आवाज तिच्यासोबत आला, आणि दर दुसऱ्या पावलाला जरासा झुलला.