शेगडीवरचं हरिण लहान झालं

ईस्टरच्या सुट्टीचा पहिलाच दिवस, आणि बोर्गहिल्ड आत्याच्या बैठकीत धूर कोंडला होता. बिडाची जुनी शेगडी दुरुस्त होऊन कालच परत आली होती, आणि हरिण कोरलेल्या पुढच्या पाटीच्या कडेनं धूर बाहेर येत होता.

"गेल्या सुट्टीत शेगडी सुटी करून माझ्याकडे धाडताना या पोरीनं पाटी आपटली असणार," दुरुस्ती करणारा फोसहाइम म्हणाला. "आता ही भंगारातच. हवी तर मी नेतो."

आत्या सिग्नेकडे वळली. "उद्याच्या बसनं परत जा. दोघंही."

तिचा धाकटा भाऊ आस्लाक अंगणातल्या बर्फाला लाथा मारत बसला. बारा वर्षांची सिग्ने माळ्यावर चढली. त्याच सुट्टीत, शेगडी सुटी करण्याआधी, तिनं तिच्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली होती. एका कागदावर हरिण उमटलं होतं, दुसऱ्यावर बाजूच्या पाटीची द्राक्षवेल. दोन्ही छातीशी धरून ती भावाकडे धावली.

"आजोबा ओतकामाबद्दल काय सांगायचे?"

"जेवताना बडबडू नका म्हणायचे."

"गाढवा! लोखंड गार होताना आक्रसतं. तयार पाटीवरूनच साचा घेतला, तर नक्कल लहान निघते."

आत फोसहाइम आत्याचीच कॉफी पीत होता. ही तीच पाटी का, असं सिग्नेनं विचारताच तो खेकसला, की दुसरी काय आभाळातून पडणार? तिनं हरिणाचा कागद पाटीवर लावला. कागदावरची शिंगं पाटीवरच्या शिंगांच्या नखभर वर गेली.

"ओलीनं फुगलाय कागद," तो हसला.

सिग्ने याचीच वाट पाहत होती. "मग हाही फुगला असेल. एकाच वहीतला आहे, एकाच माळ्यावर होता."

वेलीचा कागद तिनं बाजूच्या पाटीवर धरला. पानावर पान बसलं. आत्यानं स्वतः बोट फिरवून पाहिलं, मग खुंटीवरचा कोट काढला आणि फोसहाइमला म्हणाली, "चल तुझ्या कारखान्यात. पुढे तू."

अस्सल पाटी तिथे पेंढ्यात बांधलेली सापडली, वर शहरातल्या गिऱ्हाइकाचा पत्ता. उरलेली शेगडी भंगार म्हणून मिळाली असती, तर अस्सल पाटी बसवून त्याला अख्खी शेगडी विकता आली असती.

दुपारी हरिण आपल्या खाचेत घट्ट बसलं. चूक झाली म्हणणं आत्याच्या स्वभावात नव्हतं. तिनं आजवर कुणा पोराला हात लावू न दिलेली काडेपेटी सिग्नेपुढे धरली. शेगडी पेटली, धुराची रेघही बाहेर आली नाही.

"उद्याच्या बसचं काय?" आस्लाकनं विचारलं.

"जाऊ दे रिकामी," आत्या म्हणाली. "डोळे उघडे ठेवणारी माणसं मला घरात हवीत."