भोंगे वाजले की दार उघडायचं

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना खोटी वाटेल त्यांनी खुशाल पुढे वाचू नये. मला कोणाला पटवायचं नाहीये.

माझी मावसबहीण कादंबरी आणि तिचा नवरा देवदत्त. गाव टेक्सासमधलं, ह्यूस्टनजवळचं शुगर लँड. दोन वर्षांपूर्वीची ३१ डिसेंबरची संध्याकाळ.

त्याआधी ती दोघं इंग्लंडात, लिव्हरपूलला होती. त्यांचा वीर तिथलाच जन्मलेला. बंदराचं शहर ते. नवं वर्ष लागलं की नदीतली जहाजं एकदम भोंगे वाजवतात. आणि शेजारच्या डॉयल आजींची एक रीत होती. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल काळ्या केसांच्या माणसानं टाकायचं, हातात कोळसा घेऊन. मग म्हणे वर्षभर घर उबदार राहतं.

गल्लीत सगळी डोकी एक तर भुरी, नाही तर टकली. आमच्या वीरचा भाव काय विचारता! लोकरी हातमोज्यात कोळसा धरून ते कार्टं दाराबाहेर उभं राहायचं. भोंगे वाजले की टकटक. आतून देवदत्त दार उघडायचा आणि म्हणायचा, "या, वीरराव!"

तसं म्हटल्याशिवाय आत यायचं नाही, हा नियम. आणि वीर नियमाचा पक्का.

त्याला सातवं लागलं आणि तापाचं निमित्त झालं. मुलांच्या हॉस्पिटलात सगळ्यांनी जिवाचं रान केलं, पण पोर हातचं गेलं. अस्थी फेरीबोटीतून त्याच नदीत सोडल्या. देवदत्तला ते शहर बघवेना. ह्यूस्टनला नोकरी मिळाली तशी दोघं इकडे आली.

त्या संध्याकाळी मैत्रिणीकडची, निधीकडची पार्टी त्यांनी कॅन्सल केली होती. कादंबरी चहा टाकत होती.

आणि... भोंगा.

लांबून. मग दुसरा. मग कितीतरी, एकदम.

"ऐकलंस?"

"पोर्टवरनं येत असेल," देवदत्त म्हणाला.

"काहीतरीच काय यार! पोर्ट तासाभराच्या ड्राइव्हवर आहे."

तिनं घड्याळाकडे पाहिलं. इथे सहा. म्हणजे तिकडे लिव्हरपूलला रात्रीचे बारा.

तिच्या हातातलं गाळणं खाली पडलं.

भोंगे थांबले. आणि दारावर...

टक. टक. टक.

बेल नाही. टकटक. तीही दाराच्या खालच्या अंगाला.

ती धावली. देवदत्त आडवा आला. त्याच्या हातात फोन होता, दारावरच्या कॅमेऱ्याचं चित्र उघडलेलं.

"बघ, कोणी नाहीये. पायरी रिकामी आहे."

टक. टक. टक.

चित्रात पायरी रिकामीच होती.

"सोड मला! तो थांबलाय बाहेर!"

"कादंबरी, प्लीज. आपला वीर गेला. मी स्वतः त्याला नदीत..." त्यानं दाराला पाठ लावली. ती त्याच्या छातीवर बुक्क्या मारत राहिली आणि तो रडत राहिला, पण हलला नाही.

पुन्हा टकटक झाली. हळू. दमल्यासारखी.

मग... काहीच नाही.

शेवटी तोच बाजूला झाला. तिनं दार उघडलं.

पायरीवर कोळशाचा एक तुकडा होता. ओलाचिंब. त्या दिवशी शुगर लँडमध्ये पावसाचा थेंब पडला नव्हता. दाराच्या पांढऱ्या रंगावर, खाली, लहान बोटांचे काळे ठिपके होते.

"त्याला वाटलं असेल, घरात कोणी नाही," कादंबरी म्हणाली.

दरवर्षी दार उघडणारा बाप उंबऱ्यातच मटकन खाली बसला.

गेल्या ३१ डिसेंबरला मी माझ्या गावाहून, ट्रॉयहून, मुद्दाम विमानानं त्यांच्याकडे गेले. दुपारपासूनच देवदत्तनं दार सताड उघडून ठेवलं होतं. वर्षभर जपलेला कोळसा त्यानं पायरीवर ठेवला, वीरला आत आणता यावा म्हणून. डास येत होते.

सहा वाजले. भोंगे नाहीत. टकटक नाही. देवदत्त तरीही उठला, दारात गेला आणि म्हणाला, "या, वीरराव."

त्याचा तो आवाज मला आठवला की आजही जेवण जात नाही.

कोणी आलं नाही. जरा वेळानं मी पायरीकडे पाहिलं...

कोळसा नव्हता.

आम्ही घरभर शोधलं. कोपरान् कोपरा. आतही नव्हता.

रात्री गारठा वाढला, कादंबरी कुडकुडायला लागली, म्हणून मी दार लावायला उठले. तर देवदत्त, माझ्याशी कधी आवाज न चढवणारा माणूस, किंचाळला.

"ताई, नको! तो आत आलाय का बाहेरच आहे, ते कळू दे आधी!"

मी दार तसंच सोडलं.

परवा व्हिडिओ कॉल केला. कादंबरी इकडचं तिकडचं बोलत होती, हसलीसुद्धा. तिच्या पाठीमागे दार दिसत होतं.

उघडंच होतं.