काचेपलीकडून पाहिलेलं

अण्णांना दवाखान्यात नेऊन रात्र उलटली, तरी ते शुद्धीवर आले नव्हते. सकाळी फौजदारबाई हवालदाराला घेऊन त्यांच्या घरी पोचल्या. सलग दुसरी ड्युटी होती. पायांचे तुकडे पडत होते.

घराच्या मागे नवीकोरी काचेची खोली होती. तिथून बागेत उतरायला तीन पायऱ्या. पायऱ्यांखाली अण्णांची चाकांची खुर्ची उलटी पडलेली. आणि एक काचवाला शेवटच्या तावदानावर कारखान्यातून चिकटून आलेली पांढरट फिल्म सोलत होता. पायाशी तसल्याच फिल्मची भेंडोळी साचली होती.

"तुला कामाला कुणी लावलं?" बाई खेकसल्या.

"मालकांनी परवाच सांगितलं होतं, सकाळी ये म्हणून. हे असं झालंय, मला काय ठाऊक?"

"राहू दे आता ते. बाहेर थांब."

अण्णांचा मुलगा हॉलमध्ये सोफ्यावर बसला होता. डोळे लालभडक.

"काल संध्याकाळी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच बसलो होतो."

"हॉल आणि काचेच्या खोलीमधलं दार?"

"बंद होतं. पण काचेचंच आहे, सगळं दिसतं." त्याने बोट दाखवलं. खरंच, पार बागेपर्यंत लख्ख दिसत होतं. "मावशींनी खुर्ची धरली आणि दिली ढकलून. मी पोचेपर्यंत अण्णा खुर्चीसकट खाली."

मावशी म्हणजे अण्णांचं सगळं करणारी बाई. ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी होती.

"मी दूध गरम करत होते. धाडकन आवाज आला. धावले, तर साहेब आधीच पायरीवर उभे."

"मग ते तुमचं नाव का घेतात?"

"त्यांनाच विचारा. दोन वर्षं अण्णांना उचलतेय, बसवतेय. ढकलायचंच असतं तर एवढे दिवस कंबर कशाला मोडून घेतली असती?"

सून काल त्या वेळी ऑफिसात होती.

"ही खोली कुणाची कल्पना?" बाईंनी विचारलं.

"यांची. अण्णांना अंथरुणावरून ऊन दिसत नव्हतं ना. फरशीसुद्धा यांनी स्वतः घासली."

"अण्णा खूश होते?"

सुनेने नजर वळवली. "अण्णांना खूश करणं... जाऊ दे."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, काचवाल्यालाही.

"काल संध्याकाळी किती काचांची फिल्म निघाली होती?"

"एकाचीही नाही. काच बसवलेलं कडेचं सिलिकॉन सुकत होतं, तोवर फिल्म काढत नाहीत. आज उजाडल्यावर आधी हे मधलं दार सोललं."

बाईंनी भेंडोळ्यातला एक तुकडा उचलून मुलाच्या चेहऱ्यासमोर ताणून धरला.

"माझी किती बोटं दिसतात?"

त्याने हाताने फिल्म बाजूला सारली.

"काल हे दार असंच आंधळं होतं. सोफ्यावरून तुम्हाला सावलीसुद्धा दिसली नसती. आज सकाळी तुम्ही इथे बसलात, समोर सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि त्यावरून गोष्ट रचलीत. दार बंद होतं हे तुम्हीच सांगितलंत. म्हणजे मावशींना तुम्ही पाहिलंच नाही. मावशी धावत आल्या तेव्हा पायरीवर तुम्हीच होतात. खुर्ची कुणी ढकलली?"



"अण्णा म्हणाले, जिवंतपणी काचेच्या पेटीत घातलंस." मुलगा म्हणाला. "वर्षभर राबलो हो या खोलीसाठी. म्हटलं, नको तर नको, जा बागेत! खुर्चीला धक्का दिला. खुर्ची एवढी जाईल असं... मग घाबरलो."

"आणि नाव माझं," मावशी म्हणाली.

त्याला मान वर करता आली नाही. बाईंनी हवालदाराला खूण केली. दारापाशी मुलगा थांबला.

"मावशी, अण्णा एकटेच आहेत तिकडे. आज कोण बसेल त्यांच्याजवळ?"

"मी नाही." मावशीने खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडली.

सून तशीच उभी राहिली. मग तिने ऑफिसात फोन लावला. "आज येत नाही," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "उद्याचंही सांगता येत नाही."