दोन्ही बरण्या पांढऱ्या

मित्राच्या हेल्मेटमध्ये टाल्कम पावडर भरणारा मीच. मेहुण्याच्या डब्यात रबरी पाल ठेवणाराही मीच.

त्यामुळे ही हकीकत सांगितली की लोक आधी हसतात.

हसा. पण यातलं एक अक्षर माझ्या पदरचं नाही. त्या दिवशी मी एकटा नव्हतो, आणखी दोघं होते. त्यातला एक अजून माझ्याशी धड बोलत नाही.

आमच्या दुकानात औषधं नुसती विकत नाहीत, बनवतातही. तान्ह्या बाळाच्या मापाचं औषध तयार मिळत नाही. मग डॉक्टर लिहून देतात आणि आम्ही मागच्या काचेच्या खोलीत त्याचं सिरप करतो.

ती खोली माझ्या थोरल्या वहिनींची. त्या फार्मासिस्ट, मीही फार्मासिस्ट, पण आत हुकूम त्यांचा.

"भावोजी, थट्टा दाराबाहेर. आत केलीत तर बत्ता डोक्यात घालीन."

नियम एकच. एकाने वजन करायचं, दुसऱ्याने बघायचं. दुसऱ्याने 'हं' म्हटल्याशिवाय खलात कण पडायचा नाही.

आकडी थांबवायची एक पावडर आहे. भयंकर तीव्र. म्हणून ती साखरेच्या भुकटीत घोटून दहापट सौम्य करून ठेवायची. वहिनी त्या सौम्य पावडरीत चिमूटभर गुलाबी रंग घालायच्या. पांढरी ती तीव्र, गुलाबी ती सौम्य. झोपेत हात घातला तरी चूक नाही.

हिवाळ्यात वहिनी गेल्या. हृदय बंद पडलं.

मालकाने त्यांच्या जागी माणूस घेतला नाही. वर रंगही बंद केला.

"गिऱ्हाईक विचारतं, औषध गुलाबी का? कोण डोकं लावणार?"

आता दोन्ही बरण्या पांढऱ्या. फरक फक्त चिठ्ठीचा.

मी भांडलो. घसा बसेपर्यंत भांडलो. मालक कानात काडी फिरवत राहिला. त्या काडीचा मला अजून राग येतो.

तर... ती दुपार.

रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. एक रिक्षावाला धापा टाकत आला. त्याचं महिन्याचं बाळ हॉस्पिटलमध्ये होतं. औषधाची बाटली हातातून निसटून फुटली होती.

"संध्याकाळचा डोस चुकला तर पुन्हा आकडी येईल म्हणालेत. दादा, लवकर करा हो."

मी मालकाला म्हणालो, "बघायला आत या."

"मोबाइलवर बोलतोय, दिसत नाही? उरक तू."

उरकायला बसलो.

'सौम्य' लिहिलेली बरणी घेतली. वजन केलं. पावडर खलात टाकली. घोटली. बत्ता खाली ठेवला.

आणि...

घोटण्याचा आवाज चालूच राहिला.

खर्र... खर्र... खर्र...

बत्ता टेबलावर आडवा. माझे दोन्ही हात मांडीवर.

मग आवाज थांबला. त्याबरोबर पंखाही थांबला. फ्रिजची घरघरही. एवढी शांतता की माझा श्वास मलाच परका वाटला.

मी वजनकाट्याकडे पाहिलं.

पारडं रिकामं... आणि आकडा चढत होता.

माझ्या तोंडून निघालं, "वहिनी?"

फळीवरच्या 'तीव्र' लिहिलेल्या बरणीत काहीतरी हललं.

तळाशी एक गुलाबी ठिपका. तो पसरला... वर चढला... झाकणापर्यंत.

सगळी बरणी गुलाबी.

गुलाबी म्हणजे सौम्य. मग मी खलात जे घोटलं, ते काय होतं?

मी ओरडलो. मालक धावत आला. बरणी बघून त्याचा चेहराच उतरला. मग भडकला.

"रंग टाकलास तू! गाढवा, बाळाच्या औषधात थट्टा करतोस?"

"या बरण्या भरल्या कोणी?"

"मी. सकाळी. मग?"

"बघायला कोण होतं?"

"मला बघायला कोण लागतं रे? हो बाजूला, मीच भरतो बाटली."

त्याने खल उचलला. मी त्याचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा मालकाला शिवी दिली. ती इथे लिहीत नाही.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. बाहेरून रिक्षावाला म्हणत होता,

"अहो, तुम्ही दोघं भांडताय... त्या मागच्या बाईंना करू द्या ना. केव्हाच्या उभ्या आहेत."

मागे... भिंत होती.

मालकाच्या हातून खल सुटला. फरशीवर तुकडे.

मी पावडरीचं नवं सीलबंद पाकीट फोडलं. सगळं पहिल्यापासून केलं. प्रत्येक वजनाला मालक शेजारी उभा. 'हं' म्हणताना त्याचे दात वाजत होते. रिक्षावाला बाटली घेऊन पळाला. बाळ सुखरूप आहे.

मी कळवल्यावर बाळाच्या डॉक्टरांनी दोन्ही बरण्या तपासायला पाठवल्या. अदलाबदल झाली होती. 'सौम्य' बरणीत निव्वळ तीव्र पावडर. ते सिरप गेलं असतं, तर बाळ दहापट डोसाने...

नको.

आणि रंग? प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा दोन्ही बरण्या पांढऱ्याशुभ्र. रंगाचा कण नाही.

दुसऱ्या दिवशी मी रिक्षावाल्याला गाठलं.

"बाई कशा होत्या?"

"कमरेवर हात. डोळे असे... माझी आईसुद्धा कधी एवढी चिडली नाही."

"मालकावर चिडल्या असतील."



"नाही दादा. मालक नंतर आत आले. तुम्ही एकटे घोटत बसला होता ना... तेव्हापासून त्या तुमच्याकडेच बघत होत्या."

'हं' न ऐकता खलात पावडर टाकणारा मीच. 

घरी थोरल्या दादाला अजून सांगितलेलं नाही. तो एकच गोष्ट विचारणार, मला ठाऊक आहे.

"बरी दिसत होती का रे ती?"

काय सांगू?