गिरजाचं गाऱ्हाणं

बैस जरा, दिवा मोठा कर, म्हणजे सांगते. आम्ही गेलो होतो नुसती पानं आणायला. कुंभारवाड्यापलीकडे आमच्या देवाचं रान आहे, त्याच्या कडेला पत्रावळींना पानं चांगली मिळतात. मी आणि शेजारची गिरजा. भरदुपार होती. मी बोलत होते आणि ती ऐकत नव्हती, म्हणजे सगळं रोजच्यासारखंच.

तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. नवरा, धाकलू, तुरुंगात होता. डोंगरउतारावरचा झाडोरा जाळून नाचणी पेरायची, ही आमची पणज्यापासूनची कुमरी. सरकारनं ती बंद केली. रानाच्या शिपायानं धाकलूचा कोंबडा खाऊन 'पेर खुशाल' म्हणून सांगितलं, आणि ढेकर दिल्यावर त्यालाच धरून नेलं! पावसाळा सरला तरी खबर नाही. तुरुंगात पटकीची साथ आली म्हणे. बायका गिरजाच्या कपाळाकडे बघून हळहळायच्या. कुंकू ठेवावं की पुसावं, तिलाच कळेना. देवापुढे दिवा लावणं तिनं केव्हाच सोडलं होतं.

भारा बांधता बांधता ती उठली आणि तडक आत, देवाच्या दगडापुढे जाऊन उभी राहिली.

"गिरजे, काय करतीस?"

"गाऱ्हानं घालायचं हाय."

"बाईमानसानं? आन् मागनं ओ द्याय कोन हाय?"

आमच्यात जाणता पुरुष गाऱ्हाणं घालतो आणि मागे उभा गाव दर बोलाला 'व्हय म्हाराजा' म्हणतो. ती ओ मिळाली नाही, तर गाऱ्हाणं देवाला पोचत नाही.

"तू हाईस की, पुतळे," ती मला म्हणाली आणि हात जोडायचे सोडून कमरेवर ठेवले.

"बा म्हाराजा! कोंबडा खानारा घरात घोरतोय, पेरनारा तुरुंगात. ह्यो तुजा न्याय? तू हाईस का न्हाईस, मला ठावं न्हाई. पन माज्या मानसानं पाप केलं न्हाई, एवढं तरी खरं हाय का?"

ओ द्यायची होती मी. पण तेवढ्यात रानातले किडे एकदम गप्प झाले. पान हलेना. भिजलेल्या राखेचा वास आला. आणि आमच्या पाठीमागून...

"व्हय म्हाराजा..."

एक नाही, पुष्कळ आवाज होते. मान वळवायची माझी छाती झाली नाही. त्यात तंबाखू गालात धरून बोलणारा वासूआजा होता, कधीचा मेलेला. माझी सासूही होती. जिवंतपणी बाई कशाला म्हणून व्हय म्हणाली नव्हती!

"पुतळे... ही समदी आपली गेलेली मानसं..."

"व्हय गं... पळ..."

"थांब. ऐकू दे."

तिनं तेच पुन्हा म्हटलं, सावकाश. ओ पुन्हा आली, अगदी मानेजवळ. गिरजा डोळे मिटून एकेक आवाज ओळखत होती. मी तिचा पदर ओढत होते. आणि ही बया खदखदून हसली!

"धाकलू न्हाई त्यांच्यात! जित्ता हाय माजा दादला!"

पानं तिथंच टाकून आम्ही पळालो. त्या संध्याकाळी तिनं दिवा लावला. मी नवलानं बघितलं, तर म्हणाली, "देवाशी माजं भांडान हाय तसं हाय. पन आपली मानसं मागं हुबी हाईत. दिवा त्यांच्यापायी."

शिमग्याआधी धाकलू खरंच आला. हाडं तेवढी उरली होती, पण हसत आला. गावानं कोंबडा कापला, या खेपेस आमचा आम्हीच खाल्ला. जेवता जेवता तो म्हणाला, "पटकीनं पडल्यालो. भरदुपारी गिरजाचं गाऱ्हानं ऐकू आलं. ओ द्याय तोंड उघडलं, तर मागनं कुनीतरी तोंडावर हात दाबला... गारढोन. 'तू नको,' म्हनला."

आम्ही पोट धरून हसलो. गिरजाचं कुंकू तर त्या दिवशी नुसतं झळकत होतं.

आता दर शिमग्याला गाऱ्हाणं होतं, सगळा गाव ओ देतो. धाकलूचं तोंड उघडतं, आवाज मात्र फुटत नाही. तेवढ्यापुरती त्याच्या गालावर बोटं उमटतात, पांढरी, दाबून धरल्यासारखी. पहिल्या वर्षी चार होती. यंदा मी मुद्दाम त्याच्या शेजारी उभी राहिले.

एकच उरलं होतं. गिरजाला मी अजून सांगितलेलं नाही.