एक पाऊल मागं

साताऱ्याकडून येणाऱ्या एस.टी.ला एक वाईट खोड आहे. तिकीट उंब्रजचं फाडायचं आणि पूल आला की खालच्या रस्त्याला न उतरता सरळ पुलावरून सुटायचं. मग पार पलीकडे घंटी वाजते, कंडक्टर म्हणतो, 'उतरा, हेच उंब्रज', आणि माणूस मुकाट उलट चालायला लागतो.

त्या सकाळी उलट चालणारं माणूस म्हणजे अपेक्षा. डेअरीच्या दूध संकलन विभागात कामाला, येणं-जाणं कोरेगावहून. ओढणी डोक्यावर, डबा काखेत, आणि ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार मनातल्या मनात चालू.

शेजारी एक मोटरसायकल हळू झाली.

"पुलावरून नेली वाटतं?"

"तुमाला कसं कळलं?"

"चेहऱ्यावर ड्रायव्हरचं नाव लिहिलंय." पोरगा हसला. "डेअरीत चाललाय का? बसा. मीपण तिकडेच. आज पहिला दिवस आहे माझा."

"पयल्याच दिवशी अनोळखी पोरगी गाडीवर? गेटवरची मान्सं काय म्हनतील?"

"म्हणतील, मुलगा मदतीला धावून जातो." त्यानं खिशातून डेअरीचं कोरं करकरीत ओळखपत्र काढून दाखवलं. "हे घ्या. आता अनोळखी नाही."

काय करणार... उशीर झालाच होता. मध्ये डबा ठेवून ती बसली. तो वाटभर बोलत होता, आणि तिचं लक्ष होतं त्याच्या मानेकडे. शर्टाच्या कॉलरमागे लाँड्रीवाल्याची पिवळी चिठ्ठी, पिन मारलेली, वाऱ्यावर फडफडत होती. सांगावं का? ओळख ना पाळख. राहू दे, मनाशी म्हणाली ती.

गेटवर वॉचमननं त्याला सलाम ठोकला, तेव्हा तिला घाम फुटला. हा वीरधवल. आष्ट्याचा. तिच्या विभागाचा नवा सुपरवायझर.

आता पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. रोज सकाळी दुधाच्या गाड्या आल्या की ती नमुने तपासायची, आणि तो काहीतरी निमित्त काढून तिच्या टेबलाशी यायचा. 'आज कोरेगावच्या दुधाला फॅट जास्त दिसतंय, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत म्हणून का?' असलं काहीतरी बोलायचा. ती मान वर न करता म्हणायची, "मशीन बगून सांगतं. मी न्हाई." आणि तो वळला की हळूच पाहायची, आज चिठ्ठी कुठल्या रंगाची. पिवळी... गुलाबी... हिरवी. लाँड्रीवाला प्रत्येक शर्टाला पिन मारायचा आणि हा गडी एकदाही मागं बघायचा नाही. बाकीचे, तो साहेब म्हणून गप्प. ती का गप्प होती, ते तिचं तिलाच ठाऊक. खरं सांगायचं तर तेवढी एक गोष्ट फक्त तिची होती, म्हणून.

पण एक सल होता. कोरेगावच्या पूर्वेला डेअरीचं नवं शीतकरण केंद्र निघणार होतं, आणि त्याचं प्रमुखपद अपेक्षाला हवं होतं. हवं म्हणजे जीव टांगणीला लागेल इतकं. तिचे वडील, बिरदेव, अजून मेंढरांमागं चालत होते आणि त्यांचे गुडघे आता उतारावर ऐकत नव्हते. केंद्र मिळालं तर पगार वाढणार होता, मेंढरं विकून त्यांना घरी बसवता येणार होतं. आणि या सगळ्याचं बोलणं व्हायचं संध्याकाळच्या मीटिंगमध्ये. मीटिंग रंगात यायची आणि अपेक्षाची शेवटची गाडी लागायची.

"निघालात?" वीरधवल म्हणायचा. "आमच्यापेक्षा एस.टी. लाडकी तुमची."

सगळे हसायचे. तीही हसायची. आणि डबा काखेत मारून गाडीसाठी पळायची.

मग एके दिवशी सांगलीहून नूरीन मॅडम आल्या, प्रशिक्षण द्यायला. हॉलच्या फरशीवर त्यांनी रंगीत टेपच्या रेघा मारल्या आणि सगळ्यांना मधल्या रेघेवर उभं केलं.

"मी वाक्य वाचीन. तुमच्या बाबतीत खरं असेल तसं पाऊल टाकायचं. अभ्यासाला घरात टेबल होतं — एक पाऊल पुढे. आई-वडिलांपैकी कुणी कॉलेज पाहिलंय — पुढे. शिकताना पोटासाठी काम करावं लागलं — एक पाऊल मागे."

वीरधवल भराभर पुढे गेला. अपेक्षा मागे, अजून मागे, पार पाठ भिंतीला लागेपर्यंत. त्याच्या कॉलरवर आज हिरवी चिठ्ठी होती, ती लहान लहान होत गेली.

"शाळा मध्येच बदलावी लागली — मागे."

हिरवी चिठ्ठी एक पाऊल जवळ आली.

"राहतं ठिकाण सोडावं लागलं — मागे."

अजून जवळ. पुढच्या प्रत्येक 'मागे'ला तो सरकत राहिला, सरकत राहिला... आणि शेवटी थेट तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. वाकून तिच्या कानाशी म्हणाला, "आलो की नाही तुमच्यापर्यंत?"

एक क्षण तिच्या गालावर लाली आली, हे कबूल केलं पाहिजे. मग नूरीन मॅडमनी विचारलं, "वीरधवल, शाळा कशी बदलली?"

"आष्ट्याहून साताऱ्याला हॉस्टेलला घातलं, मॅडम. मग पुण्याला. किती हाल."

हॉलभर खसखस पिकली.

"आणि अपेक्षा, तुझी?"

"दिवाळी झाली की आमी मेंढरं घिऊन नदीकाठाला उतरायचो," अपेक्षा म्हणाली. तिचा आवाज शांत होता. "ऊसवाल्यांच्या रानात रातचं मेंढरं बसवायची, खतासाठी. एका रानातनं दुसऱ्या रानात. वाडा, म्हंजी आमचा मेंढरांचा तळ, हलला की शाळा हलायची. आदल्या गुरुजींनी भागाकार आर्धा सोडल्याला, फुडचे गुरुजी इचारायचे, एवढंबी येत न्हाई का. आष्ट्याच्या रानातबी बसलोय आमी."

आता कुणी हसलं नाही. वीरधवलच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विरलं.

जेवणाच्या सुट्टीत तो तिला व्हरांड्यात गाठायला धावला.

"अपेक्षा... मी खोटं नाही बोललो."

"न्हाई बोलला. पन माझी पावलं खरीच मागं पडल्याली, सर. तुमी ती माझ्याशेजारी उभं ऱ्हायला वापरली."

तो हळूच म्हणाला, "आमच्याही रानात दर साल वाडा उतरायचा. मी कोकरं खेळवायला जायचो. तिथली पोरं शाळेला कुठं जात असतील, हे कधी मनातसुद्धा आलं नाही." मग त्यानं घाईनं जोडलं, "ऐका ना, मीटिंगनंतर मी सोडत जाईन कोरेगावला. म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत थांबता येईल."

इथं अपेक्षा खरी चिडली. प्रेमात पडलेल्या पोरीला येतो तसला राग, अर्धा त्याच्यावर, अर्धा स्वतःवर.

"तुमच्या मागं बसून मला फुडं जायाचं न्हाई. मीटिंग कवा घ्यायची, ते कोन ठरवतं?"

"मी."

"मग?"

एवढं बोलून ती निघून गेली. त्यानंतर तिनं चिठ्ठीचा रंग बघणं सोडलं. म्हणजे... ठरवलं तरी तसं.

पुढच्या आठवड्यापासून मीटिंग सकाळची झाली, दुधाच्या गाड्या रिकाम्या झाल्या की लगेच. वीरधवलनं कारण सांगितलं नाही, कुणाकडं बघितलंही नाही. जुन्या मंडळींनी कुरकुर केली, त्याचं त्यानं ऐकून घेतलं. पहिल्यांदाच कॅन धुणाऱ्या बनुबाई मीटिंगला आल्या, आणि गरम पाणी वेळेवर येत नाही हे साहेबांना तोंडावर सांगून मोकळ्या झाल्या. पहिल्यांदाच अपेक्षानं नव्या केंद्राबद्दल विचारलं, "परमुख कोन व्हनार, ते कसं ठरवनार?"

"मुलाखती घेऊ," मोठे साहेब, लालासाहेब, म्हणाले. "ज्याला यायचं त्यानं यावं."

वीरधवल आता तिच्या टेबलाशी कामापुरता यायचा. कोरेगावच्या दुधाची थट्टा बंद. तिलाच हवं होतं ना हे? मग चहा का गोड लागेना, कोण जाणे.

मुलाखतीला ती गेली तेव्हा टेबलामागे लालासाहेब आणि नूरीन मॅडम होत्या. तिसरी खुर्ची, वीरधवलची, रिकामी. आपल्यासाठी यायचंसुद्धा जिवावर आलं का याला?

प्रश्न झाले, उत्तरं झाली. दूध नासलं तर काय करशील, गवळी भांडायला आला तर काय करशील... ती आपल्याच भाषेत बोलली, आणि धडाधड बोलली. लालासाहेबांनी नूरीन मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी मान डोलावली.

"केंद्र तुझं," लालासाहेब म्हणाले. "पहिल्या तारखेपासून थेट माझ्या हाताखाली."

तिला रडू आवरेना. डोळे पुसत तिनं शेवटी विचारलंच, "वीरधवल सर का न्हाई आले?"

लालासाहेबांच्या मिशीखाली हसू आलं. "म्हणाला, माझं मन तिच्यात गुंतलंय, मी तिची परीक्षा घेणं बरोबर नाही. बाकीचं त्यालाच विचार."

ती हॉलकडे निघाली. चालली म्हणावं की पळाली, तुम्हीच ठरवा.

हॉल रिकामा होता. टेपच्या रेघा फरशीवर तशाच, कडेनं थोड्या उचकटलेल्या. वीरधवल सगळ्यात पुढच्या रेघेवर उभा होता, तिच्याकडं पाठ करून.

"सर."

तो वळला. "मिळालं?"

"मिळालं. तिथं काय करताय?"

"त्या दिवशी इथं उभं राहायला हवं होतं. माझी खरी जागा ही." तो अडखळला. "अपेक्षा, तुमचा साहेब होतो तोवर बोलायचं नव्हतं. आता बोलतो. तुम्ही मला आवडता. लय आवडता."

त्याच्या तोंडी 'लय' ऐकून तिला हसू फुटलं. मग ती गंभीर झाली. "आन् आष्ट्याला काय सांगनार? मेंढक्याची लेक?"

"सांगितलंय. अण्णा रागावलेत, आई गप्प आहे. तुम्ही हो म्हणालात, तर समजावणं माझं काम. तुमचं नाही." त्यानं पाऊल उचललं. "येऊ तिथं?"

"नगं. तितंच थांबा. मी येते."

आणि ती आली. एकेक रेघ ओलांडत, सावकाश, स्वतःच्या पायांनी. त्याच्यासमोर थांबली आणि दोन्ही हात त्याच्या गळ्याकडे नेले. वीरधवलचा श्वास अडकला. तिनं कॉलरमागची पिन अलगद सोडवली आणि गुलाबी चिठ्ठी त्याच्या तळहातावर ठेवली.

तो चिठ्ठीकडे बघतच राहिला. "हे... कधीपासून?"

"पुलापासनं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी मागं वळून बगाल, तवा सांगनार हुते," अपेक्षा म्हणाली, आणि तिनं त्याचा हात चिठ्ठीसकट आपल्या हातात घेतला.